लाकडी जंगल आणि विझलेली चूल

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. घसा बसलाय, आणि दुसरीतून पळालेल्या माणसाला बोलायला लावायचं कारणच काय? पण सुनेनं चहाचा कप हातात दिला आणि पोरं पुढ्यात आणून बसवली, म्हणजे सुटका नाही. तर ऐका. मागं बसलेल्या मोठ्यांनीही ऐका, तुम्हालाच जास्त गरज आहे.

फार फार पूर्वी, ज्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला ठाऊक नाहीत त्यांच्या काळात, दोन राज्यांच्या मधल्या घाटमाथ्यावर एक धर्मशाळा होती. बाहेरून साधी, काळ्या दगडाची. पण आत आलेला माणूस उंबऱ्यातच थांबायचा. कारण वर छत नव्हतं, जंगल होतं. सागवानात कोरलेलं. हरणं, मोर, हत्तींचा कळप, वेलींना लोंबकळणारी माकडं. कुण्या कारागिरानं अख्खा जन्म त्यात घातला होता. दुपारचं ऊन उंच झरोक्यांतून शिरायचं आणि हरणांच्या पाठीवरून सरकत जायचं, तेव्हा हरणं श्वास घेताहेत असं वाटायचं. बघणारा डोक्यावरचं ओझं खाली ठेवायचं विसरायचा.

त्या जंगलाच्या बरोबर खाली चूल होती. धर्मशाळेचा म्हातारा राखणदार ती कधी विझू द्यायचा नाही. येईल त्याला ऊन पाणी, गरम भाकरी, पाठ टेकायला घोंगडी. मरताना त्यानं मुलाला एवढंच सांगितलं, की चूल जप. का जप, ते सांगायला श्वास उरला नाही.

मुलगा वाईट नव्हता. त्याचं त्या जंगलावर फार प्रेम होतं, तेच त्याला नडलं. एकदा शिडी लावून त्यानं एका हरणावरून तेलाचं फडकं फिरवलं. काजळी निघाली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड चमकलं. तो शिडीवरून पडायचाच बाकी होता. मग त्यानं सगळं जंगल पुसून काढलं. ते उन्हात असं झळाळायला लागलं, की बघून त्याचेच डोळे भरून यायचे.

आता त्याला धूर सोसवेना. त्यानं चूल विझवली. ओल चढते म्हणून पाण्याचे रांजण बाहेर हलवले. घोंगड्यांची धूळ उडते म्हणून त्याही गेल्या. वाटसरूला शिळी भाकरी मिळायची, तीही मागितली तर. कुणी कुरकुरला की राखणदाराचं उत्तर ठरलेलं: वर बघा. आणि गंमत सांगतो, लोक वर बघायचे आणि कुरकुर विसरायचे. उपाशी पोटी वाहवा करत निघून जायचे. त्यामुळे त्याला वाटलं, आपलं बरोबरच चाललंय.

एका हिवाळ्यात एक म्हातारी धनगरीण आली. सोबत नवरा, थंडीनं दात वाजत असलेला. बाहेर मेंढरं. तिनं वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं, हात जोडले. मग म्हणाली, "देखणं आहे रे लेकरा. आता चूल पेटव. माझा धनी गारठलाय."

"आजी, धुरानं हरणं काळी पडतात. वर बघत बसा, थंडी विसराल."

"हरणांना थंडी वाजत नाही, बाबा. याला वाजते."

तो हलला नाही. म्हातारी नवऱ्याला धरून मेंढरांच्या उबेला निघाली. दारात तिनं आपली घोंगडी झटकली, तर त्यातून पिठासारखं काहीतरी उडालं. तुझ्या जंगलातून पडतंय, एवढं बोलून ती गेली. राखणदारानं ते धूळ म्हणून झाडून टाकलं.

पीठ रोज पडायला लागलं. मग एका दुपारी, ऊन हरणांवर आलं असताना, एक मोर धाडकन खाली आला. मागोमाग हत्तीची सोंड. मग ज्याला त्यानं पहिल्यांदा पुसलं होतं ते हरीण. राखणदारानं ते मांडीवर घेतलं. आतून भोकंच भोकं. एका भोकातून एक किडा डोकावला.

"तुझा बाप होता तोवर आमची इथं शिरायची छाती नव्हती," किडा म्हणाला. "त्या चुलीचा धूर सोसायचा नाही आम्हाला. तू बरा. तू बाहेरून बघत बसलास, आम्ही आतून जेवलो."

तेवढ्यात बाहेर गारा कोसळू लागल्या आणि दारात तीच धनगरीण उभी राहिली. परतीच्या वाटेवर होती. नवरा तिच्या खांद्यावर, ओठ निळे पडलेले. या खेपेला तिनं काही मागितलं नाही. मागून मिळत नाही हे तिला माहीत होतं.

राखणदार सरपणाकडे धावला. बाहेर पडून सगळं भिजलेलं. कोरडं लाकूड एकच होतं, त्याच्या हातातलं.

त्यानं हरणाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ते चुलीत घातलं. मग मोर. मग सोंड. जाळ उठला. त्यानं पाणी तापवलं, म्हाताऱ्याला पाजलं, त्याचे पाय शेकले. हळूहळू म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग आला.

"आता वर बघ," म्हातारी म्हणाली.

बाहेर गारा थांबल्या होत्या आणि धूर वर पोचला होता. उरलेल्या हरणांच्या पायांतून, वेलींमधून तो धुक्यासारखा फिरत होता. झरोक्यातलं ऊन त्यात उतरलं आणि सगळं जंगल हललं. राखणदार जन्मभर ते जंगल बघत आला होता, पण असं त्याला कधीच दिसलं नव्हतं. कारागिरानं हे धुकं गृहीत धरूनच जंगल कोरलं होतं. चूल हा त्याचाच एक भाग होता. राखणदाराचे हात आपोआप जोडले गेले.

त्यानंतर त्यानं चूल विझू दिली नाही, आणि पीठ पडायचं थांबलं. गेलं ते परत आलं नाही, उरलं ते टिकलं. आणि तिथं आलेल्याला आधी ऊन पाणी मिळू लागलं, वर बघायला मागून सांगू लागले.

जे घर आल्यागेल्याच्या उपयोगी पडतं तेच टिकतं. नुसतं दाखवायला ठेवलेलं आतून पोखरलं जातं.

आता माझ्याकडे असं बघू नका. मी कुणाला टोमणा मारत नाही, नाव घेऊनच सांगतो. ज्यानं नव्या बंगल्यात नेऊन मला सगळ्या खोल्यांतली फरशी दाखवली, पण घोटभर पाणी विचारलं नाही, आणि त्याबद्दल अजून माफीही मागितलेली नाही, तो हा मागं बसलेला केरबा गुरव.