दोन इंच वर

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे एक मोटार आणि एक खोके घेऊन आला.

गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हेत. दस्तगीर मिस्त्री चाळीस वर्षे एसटीच्या कार्यशाळेत राबले आणि निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी पत्र्याची शेड टाकून बसले. तालुक्यातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखाली शिकलेले. आमचा शिष्य सयाजी त्यांच्यापैकीच. चार वर्षे पाने धरून झाल्यावर त्याने पंपांचे दुकान काढले, पुढे ग्रामपंचायतीचा सदस्य झाला आणि शेहेचाळिसाव्या वर्षी पोटाने जरा सुखावला. तरी गाडीच्या एका नटाला हात लावायचा तर मिस्त्रींना विचारल्याशिवाय लावत नसे. हा त्याचा मोठाच गुण होता, बाकीचे पुढे येतीलच.

मोटार नवी होती, पाच महिन्यांची. हल्ली निघतात तशी छोटी क्रॉसओव्हर: छाती जीपची, पोट साध्या मोटारीचे. खोक्यात रबराच्या जाड कड्या होत्या. स्प्रिंगच्या वर त्या बसवल्या की गाडी दोन इंच वर उचलली जाते, असे सयाजीने मोबाइलवरच्या अकरा व्हिडिओंत पाहिले होते. अकरावा तर त्याने दोनदा पाहिला होता.

"चाचा, गाडी दोन इंच वर घ्यायचीय," तो म्हणाला. "खालचं चेंबर घासतंय. कंपनीनं गाडीच बुटकी काढलीया."

ही नुसती हौस नव्हती. गाडी त्याने आईसाठी घेतली होती. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आठवड्यातून तीनदा तिला तालुक्याला व्यायामोपचारासाठी न्यावे लागे. डॉक्टरांनी बजावले होते की खंड पडला तर गुडघे आखडतील आणि मग काठीही उपयोगाची नाही. आणि खंड पडलाच होता. तीन आठवड्यांपूर्वी गाडीचे पोट असे खरवडले की खालचे आवरण तडकले. त्या दिवसापासून आई गाडीत बसेना. "आता बरं वाटतंय मला," एवढेच म्हणायची आणि भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची. खरवडण्याच्या आवाजाला ती घाबरली असणार, असे सयाजीने ठरवून टाकले. गाडी वर गेली की आवाज जाईल आणि आवाज गेला की आई बसेल, असा त्याचा सरळ हिशेब.

मिस्त्रींनी खोके हातात घेतले, वास घेतला आणि खिडकीत ठेवून दिले. मग त्यांनी केले ते शिष्याला काही केल्या उमजेना. जॅक नाही, पाना नाही. कोपऱ्यातली पहार आणि घमेले त्यांनी गाडीच्या डिकीत टाकले. शेजारच्या धिप्पाड वेल्डरला हाक मारून पुढे, आईच्या जागी बसवले आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले.

"चल. कुठं घासतंय दाव."

पहारीने उघडायचा असा कोणता बोल्ट या गाडीला आहे, हा विचार करीत सयाजी निघाला. अकरा व्हिडिओंपैकी एकातही पहार नव्हती.

सयाजीचे गाव नऊ किलोमीटरवर. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता लागला, ओढ्यावरची फरशी लागली, दोन गावांचे पाच गतिरोधक लागले. वेल्डरच्या वजनाने गाडी कण्हत होती, पण पोट कुठेच टेकले नाही. मिस्त्री मागे निवांत शेंगा सोलत होते. सयाजीला या शांततेचा राग येऊ लागला. आजाऱ्याला डॉक्टरांपुढे नेमके बरे वाटावे तसे गाडीचे चालले होते.

अखेर त्याचे घर आले आणि दाराशी गाडीखालून खर्र्र् असा एवढा मोठा आवाज आला, की ओट्यावरची मांजर उठून आत गेली.

"हे बघा!" सयाजी आनंदाने ओरडला. आपल्याच गाडीचे पोट फाटल्याचा एवढा आनंद सहसा कुणाला होत नाही.

मिस्त्री उतरले. गाडीखाली वाकून पाहण्याऐवजी ते रस्त्यातल्या गतिरोधकापाशी उकिडवे बसले. तो गतिरोधक कसला, आडवी घातलेली भिंतच होती. ना इकडून उतार, ना तिकडून.

"ह्यो कुणी घातला?"

शिष्य घराच्या कौलांकडे पाहू लागला. वेल्डरने खोकून घेतले.

गोष्ट तशी गावाला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी समोरच्या उपसरपंचांनी आपल्या दारापुढे गतिरोधक घालून घेतला. कुणाच्या दारात गाड्यांनी वेग कमी करायचा हा त्या गावात मानाचा प्रश्न. सयाजी तेव्हा नुकताच निवडून आलेला. त्याने दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला आणि एकच सूचना दिली, "त्यांच्यापेक्षा चार बोटं वर." तेव्हा दारात मोटारसायकल होती. तिला पोट असे नव्हतेच.

"मीच, चाचा," तो शेवटी म्हणाला.

अंगणात बांधकामाच्या दोन लांब फळ्या पडल्या होत्या, दोन इंच जाडीच्या. त्या मिस्त्रींनी चाकांपुढे टाकायला लावल्या आणि गाडी त्यांवर चढवून बरोबर दोन इंच उंच करून घेतली. मग त्यांनी आईला हाक मारली.

"वहिनी, जरा बसून दावा गाडीत."

आई भिंत धरत बाहेर आली. "नगं दस्तगीरभाऊ," ती ओशाळून म्हणाली. "मी बसले की गाडी खाली टेकती. सयाजी एकटा असला की घासत न्हाई, मी असले की घासती. माझं वजान झेपत न्हाई तिला. पोरानं एवढी हौसेनं घेतलीया, माझ्यापायी कशाला मोडायची?"

तीन आठवडे आई या कारणासाठी घरात बसली होती आणि सयाजीने एकदाही तिला नीट विचारले नव्हते. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"बसा तरी," मिस्त्री म्हणाले.

तिची बसण्याची एक पद्धत होती. आधी पाठ करून सीटवर टेकायचे, मग एकेक पाय हाताने आत घ्यायचा. या खेपेस तिने पाठ केली, टेकू पाहिले, टाचा उचलल्या, दार घट्ट धरले. सीट काही गाठता येईना. तीनदा प्रयत्न करून ती हसली आणि म्हणाली, "राहू दे. मला घरच बरं."

मिस्त्रींनी पहार काढून शिष्याच्या हाती दिली.

"गाडी वर घे म्हणशील तर संध्याकाळपर्यंत घेतो. खोकं आहे, हात आहेत. पर मग आईला वर कोण घेणार? गाडीचं पोट जमिनीपास्नं किती, ते तू टेप लावून मोजलंस. आईची सीट जमिनीपास्नं किती, ते मोजलं न्हाईस. नऊ किलोमीटरात ही गाडी कुठंच बुटकी न्हवती, लेका. तुझ्या दारातच ती बुटकी ठरली. दुसऱ्यावर मात करायला माणूस दारात काहीतरी उंच करून ठेवतो आणि मग त्याच्या पायी जल्मभर बाकीचं सगळं उंच करत बसतो. ज्याला ती उंची चढवत न्हाई, ते घरातलं माणूस मागं राहतं."

आता खरी परीक्षा होती, कारण समोर ओट्यावर उपसरपंच सुपारी कातरत बसले होते. सयाजीने गतिरोधक उतरवला की गावात सर्वांत उंच त्यांचाच. पहिला घाव घालण्याआधी शिष्याने दोनदा पहार खाली ठेवली, एकदा घाम पुसला, एकदा उगीच पाणी प्यायला. मग दाराकडे पाहिले. आई चौकटीला धरून गुडघा चोळत उभी होती. त्याने पहार उचलली आणि घातली.

"ओ सदस्य!" उपसरपंच ओरडले. "सार्वजनिक वस्तू मोडायला परवानगी लागती!"

"घालताना कुणाची घेतली हुती, ते दोघंबी सांगा," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

उपसरपंच सुपारीत गढून गेले.

सगळा गतिरोधक मात्र मिस्त्रींनी काढू दिला नाही. रस्त्यावर पोरे खेळतात, गाड्यांनी दमाने जायला हवेच. भिंत खाली आली, दोन्ही बाजूंना सिमेंटचा लांब उतार दिला. तीन दिवस सयाजीने स्वतः पाणी मारले. येणारे-जाणारे विचारत, "काय सदस्य, हरला व्हय?" तो "व्हय" म्हणे आणि पाणी मारत राही.

पाचव्या दिवशी त्याने आईला गाडीपाशी आणले. गाडी जमिनीवर होती. ती पाठ करून बसली, पाय आत घेतले. बायको मागे बसली, तिच्या मांडीवर डब्यांची पिशवी. गतिरोधक आला तशी आईने डोळे मिटले, श्वास रोखला आणि आपले अंग सीटवरून थोडे वर उचलून धरले. गाडी चढली, उतरली, पुढे गेली.

"आला का?" तिने विचारले.

"गेलाबी, आई."

तिने डोळे उघडले, वळून मागे पाहिले. "मग इतकं दिवस कशानं घासत हुती?"

गावाला त्याने कंपनीचा दोष सांगितला होता. पाहुण्यांना रस्त्याचा. आता दोन्ही ओठांवर आले होते.

"माझ्यामुळं," सयाजी म्हणाला. "तुझ्यामुळं न्हवं, आई. माझ्यामुळं."

आईने आता कुठे आपले अंग सीटवर सैल सोडले.

"आधी सांगायचं न्हाई व्हय," ती म्हणाली. "मी तीन आठवडं अर्धीच भाकरी खाल्ली."

सयाजीने गाडी कडेला घेतली, बायकोच्या मांडीवरचा डबा मागून घेतला आणि आईपुढे उघडून धरला. ती जेवून होईपर्यंत त्याने गाडी सुरू केली नाही. मिस्त्रींच्या बोलण्याचा अर्थ त्याला दारात कळला होता, पण तो पटला तो तिथे, त्या रस्त्याच्या कडेला.