ठकूबाई पाटलांचा शिक्का

या, जवळ सरकून बसा. ज्या बाप्यांना झोंबेल त्यांनी खुशाल जांभया द्याव्यात, मला सवय आहे.

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझा आजा लंगोटीत फिरत होता तेव्हा, आपल्या शिवणखेड्यात ठकूबाई नावाची बाई होऊन गेली. तिचा नवरा गावचा पाटील होता. तो वारला, पोटी मूल नव्हतं, आणि पाटीलकी ठकूबाईच्या नावावर आली. पण सरकारचा कायदा असा, की नाव बाईचं चालेल, चावडीत बसायला मात्र पुरुषच पाहिजे. तिचा चुलतदीर रावजी तर मिशीला तूप लावून तयारच होता. मिशी होती एवढीशी, तूप मात्र वाटीभर!

ठकूबाई म्हणाली, "नाव माझं, तर बसणार मीच." आणि तिनं बारा कोसांवरच्या कोर्टात दावा लावला. सात वर्षं तारखा पडल्या. असं म्हणतात, की ती तारखेला निघाली की वाटेवरचे बाभळीचे काटे आपणहून कुशीवर वळत, आणि ऊन तिच्या पुढं न चालता मागून चाले. निकाल लागेपर्यंत गावचा शिक्का तिच्याच कनवटीला होता. पाटलाचा शिक्का म्हणजे लाकडात कोरलेला नांगर. तो उठल्याशिवाय गावाचा कागद वेशीबाहेर कोणी मानत नसे.

मग रावजीनं अर्ज लिहवला. बाईला चोर ओळखता येत नाही, बाईला गावची शीव कळत नाही, बाईचा आवाज चौकापार जात नाही, म्हणून ठकूबाई आम्हाला पाटील नको. खाली साडेतीनशे अंगठे. त्यात तुमचे पणजोबा होते, हसू नका, माझेही होते. वरात काढून सगळे कोर्टात गेले, तर कारकुनानं कागद परत फेकला. "गावचा अर्ज आणि पाटलाचा नांगर नाही? उचला हे."

आली का पंचाईत! साडेतीनशे शहाणे बारा कोस परत आले आणि ठकूबाईच्या दारात खाली माना घालून उभे राहिले.

"वहिनी, जरा शिक्का मारून द्या," रावजी म्हणाला.

"आधी वाचा, भावजी. मोठ्यानं."

रावजीनं वाचलं. कपाळाचा घाम मिशीवर आला. ठकूबाईनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "एक चूक आहे. मला शीव कळत नाही म्हणता, आणि अर्जाच्या वर गावाच्या चतुःसीमा देताना तुम्हीच पूर्वेची शीव वडापाशी लिहिलीत. ती ओढ्यापाशी आहे. सुधारा."

सुधारलं. बायका रडायला लागल्या. "अगं बाई, स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा का कापतेस?"

"गाव असं म्हणतंय हे खरं आहे की नाही?" ठकूबाई म्हणाली. "मग पाटलानं शिक्का मारायचा. मला आवडतं का नाही, हे कोण विचारतंय?" आणि तिनं नांगर उठवला.

कोर्टात जज्जसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "हे अंगठे खरे कशावरून?"

"साहेब, पाटलाचा शिक्का आहे," रावजी छाती काढून म्हणाला.

"कोण पाटील?"

रावजीनं ठकूबाईकडं पाहिलं. साडेतीनशे जण छताकडं बघायला लागले. असं म्हणतात, की त्या घटकेला कागदावरचा नांगर हलला, ओळीओळीतून चालू लागला आणि एकेक अंगठा ढेकळासारखा उलटा करत खालपर्यंत गेला. मी पाहिलं नाही. पण त्या कोर्टात दोरीनं पंखा ओढणारा गडी देवाची शपथ घेऊन सांगायचा, की ओल्या मातीचा वास आला.

जज्जसाहेब उभे राहिले. म्हणाले, "जी आपल्याविरुद्धचा कागदसुद्धा खरा करून देते, तिच्या जागी दुसरा पाटील मी कुठून आणू? बाई, चावडीत बसा."

ती बसली. एकतीस वर्षं.

आजही आपल्या गावात नवी नवरी आली की आधी चावडीत नेतात. ती पाटलाच्या जागी बसते, सगळे बाप्ये उभे राहतात, आणि ती जो हुकूम देईल तो दिवस मावळेपर्यंत पाळायचा. परवाच्या नवरीनं सांगितलं, आज भाकरी बाप्यांनी थापायच्या. सरपंचाच्या भाकरीचा आकार मी सांगत नाही, बिचारा इथंच बसलाय. पण पीठ मळताना एकानंही विचारलं नाही, की हा हुकूम देणारी तू कोण.