मिटलेला आरसा

गाड्या आपापसात बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाचा ट्रक आणि धोंडिबाची सायकल रोज भेटत. मागून ट्रकचा आवाज आला की सायकल मुकाट डांबर सोडून मातीत उतरायची.

ट्रकला ते लागायचं. एकदा तो म्हणाला, "एवढा संशय? इतक्या वर्षांत तुला साधा धक्का तरी लावलाय का मी?"

"नाही लावलास. पण सांग बघू, माझ्या कॅरिअरवर काय असतं?"

"त्यात काय सांगायचं? दुधाच्या किटल्या."

"धोंडिबानं म्हैस विकून वर्ष झालं," सायकल म्हणाली. "आता मागे त्याची लेक बसते. शाळेत जाते."

ट्रक वरमला. फडातल्या उसात अडकून फुटू नये म्हणून गेल्या हंगामात त्याचा डावा आरसा मिटला होता, तो उघडायचा राहूनच गेला होता. त्यानं तो उघडला. आरशात दोन वेण्या दिसल्या.

"दिसली," तो हळूच म्हणाला. "आता तरी डांबरावर ये."

"तिच्या रिबिनी कुठल्या रंगाच्या होत्या, ते उद्या विचारेन," सायकल म्हणाली आणि मातीतूनच पुढे निघाली.