प्रत्येकाचा वेगळा दोर

फार पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व श्रीवर्धन नावाच्या श्रेष्ठीच्या नौकांचा कारभारी होता. मिठाने भरलेली नौका प्रवाहाविरुद्ध न्यायची म्हणजे काठावरून माणसांनी ओढायची. त्यासाठी एकच जाड दोर असे. ज्याला दम लागेल तो दोराच्या शेवटी जाई आणि नुसता हात लावून थोडे चाले. त्याला कोणी काही विचारीत नसे. व्यापारात जन्म घालवलेल्या माणसाला असली सवलत डोळ्यांत खुपतेच.

श्रीवर्धनालाही खुपली. "कारभारी, तो रोहक बघा. दोराला धरून फिरायला निघालाय."

"शेठ, सकाळी चिखलात तोच सगळ्यांच्या पुढे होता."

"तुमची दया माझ्या तागडीत बसत नाही."

श्रीवर्धनाने प्रत्येकाला वेगळा दोर दिला. ज्याचा दोर सर्वांत ताठ, त्याला तांबडे पागोटे. नौका पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागली. "आता बोला," श्रेष्ठी म्हणाला. बोधिसत्त्व नौकेवर आपल्या कामाला लागला.

एका वळणावर काठ ढासळला आणि थकलेला रोहक पाण्यात गेला. त्याला हात द्यावा तर आपला दोर सैल पडणार. शेजारी ओढणाऱ्या सुजात नावाच्या गड्याने एकदा वळून पाहिले आणि पुन्हा खांदा लावला. तेव्हा बोधिसत्त्वाने कुऱ्हाड घेऊन नौकेवरचे सगळे दोर तोडले. कोणाचाच दोर ताठ उरला नाही, तेव्हा कुठे माणसे धावली. नौका खडकावर गेली, मीठ विरघळले. रोहक वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला.

श्रीवर्धनाने पागोटे बंद केले, जुना दोर पुन्हा आणला. माणसे तो ओढू लागली, पण धापा टाकणाराही दोराच्या शेवटी जाईना.

"अरे, जा की मागे," श्रेष्ठी सुजाताला म्हणाला. "मीच सांगतोय ना?"

"नको, मालक. पाठीला डोळे लागतात."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, तेव्हा कोणाची साधना किती याची चढाओढ लावणारा पुण्णक भिक्षू मान खाली घालून ऐकत होता. शास्ते म्हणाले, "पुण्णका, तेव्हाचा श्रीवर्धन तू होतास. ओढणारे हे सारे भिक्षू होते आणि कारभारी मी. दोर तोडले ती करुणा होती. पण ती वळणावर सुचली. नौका निघाली तेव्हाच सुचली असती, तर रोहक चालत घरी गेला असता."