उंबराचा मूठभर पाला

फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी केरोबा वैद्य राहत. त्यांच्या दगडी खलाला भारी गर्व. आपण औषध कुटल्याशिवाय गावात कुणी बरं होतच नाही, असं तो म्हणे.

एकदा सुभानराव पाटील आले. "वैद्यबुवा, झोप नाही, भूक नाही. ओसरीवर बसून नुसती चिडचिड होते."

"डोंगरावरच्या राईतून रोज उंबराचा मूठभर पाला आणा. स्वतः, पायी. गड्यानं आणला तर गुण यायचा नाही. महिनाभराचा जमला की औषध कुटू."

पाटील कुरकुरत का होईना, रोज पाला आणू लागले. त्यांची पाठ वळली की वैद्य तो शेळीपुढे टाकत. खल संतापे, "अहो, मग मी कुटू काय?"

महिन्यानं पाटील शीळ घालत आले. "बुवा, चार भाकऱ्या खाऊन ढाराढूर झोपतो! औषधाआधीच गुण आला!"

खल चक्रावला. "मी तर काहीच कुटलं नाही!"

शेळी रवंथ करत म्हणाली, "औषध ते रोज राईतच घेत होते. इथं यायचा तो नुसता पाला. पण त्यांना कळू देऊ नकोस बाबा. ते पुन्हा ओसरीवर बसले, तर मी खाऊ काय?"