कोपरातली हळद

एका गावात एक अनसूया होती. पोरगी कामाला खमकी, पण कातडी अशी नाजूक की नवा साबण लागला तरी अंगावर गांधी उठायच्या. साखरपुड्याला मावशीनं बाजारातली कसलीशी क्रीम तिच्या तोंडाला फासली. उजळ दिसशील म्हणाली. तासाभरात तोंड सुजून डोळे बारीक झाले, आणि पुढं आठ दिवस नुसती आग. मावशी दुसऱ्याच दिवशी आपल्या गावी निघून गेली. फासणाऱ्याचं काय जातं?

तेव्हाच अनसूयेनं ठरवलं. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, मग तोंडाला. ब्रह्मदेव आला तरी.

ब्रह्मदेव नाही आला, होणारी सासू आली. हौसाबाई तिचं नाव. त्यांच्या घरची लग्नाची हळद मोठी नावाजलेली, कारण हौसाबाई तीत शहरातून आणलेलं सुगंधी तेल कालवायच्या. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावायची, ही रीत. लग्नाला महिना असताना अनसूयेनं निरोप धाडला होता, की त्यातली थोडी आत्ताच कालवून पाठवा, लावून बघते.

हौसाबाई तडक दारात. आमच्या हळदीत काय विष आहे का, मुलाच्या अंगाला लागायच्या आधी हळद मुलीकडे गेलेली कुणी ऐकलीय का, असं बरंच बोलल्या. असली खुळं करायची तर दुसरं घर बघा, इथवर गोष्ट गेली. अनसूयेच्या आईला घाम फुटला. तिनं लेकीला डोळ्यांनीच दटावलं.

अनसूया गप बसली नाही. "हळद तुमची चांगलीच असेल, आत्याबाई. पण लग्न दोन घरांचं असलं, तरी आग माझ्या एकटीच्या तोंडाची होणार."

हौसाबाई फणकाऱ्यानं गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरदेव लक्ष्मण कालवलेल्या हळदीची वाटी घेऊन आला. त्यानं सगळ्यांसमोर वाटीत बोट बुडवलं, आपल्याच गालावर पिवळा पट्टा ओढला आणि वाटी पुढं केली.

"घे. झाली उष्टी."

तिनं कोपरात लावली. दोन दिवसांत तिथं लाल पुरळ. आई म्हणाली, लांब बाही घाल आणि लग्न उरकू दे. अनसूयेनं कोपर धुतलं, पुरळ पूर्ण बसू दिलं, आणि लक्ष्मणाकडून नुसती हळद वेगळी नि तेल वेगळं मागवलं. डाव्या कोपरात पाण्यात कालवलेली हळद, उजव्यात तेल. रोज लावायचं, रोज बघायचं. तिसऱ्या दिवशी उजवं कोपर पेटलं, तेल तिथंच बंद केलं. हळद आठवडा झाला तरी शांत.

मग ती स्वतः हौसाबाईंकडे गेली आणि दोन्ही हात पुढं केले. हौसाबाईंनी डावा बघितला, उजवा बघितला. हळदीच्या दिवशी पाण्यात कालवलेली हळद आली, तेलाचा वाससुद्धा नाही.

अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीच्या तोंडावर एक पुटकुळी नव्हती.

वर्षभरानं हौसाबाईंनी जत्रेतून सुरकुत्यांवरची क्रीम आणली. डबी उघडली, बोटावर घेतली, तोंडापर्यंत नेली आणि थांबल्या. मग बाही वर सरकवत सुनेजवळ आल्या.

"अनसूये, किती दिवस थांबायचं म्हणालीस?"

तात्पर्य: नवं काही तोंडाला लावायचं तर आधी कोपराला थोडं लावून आठवडाभर धीर धरा, देणारा कितीही मोठा असो. रुसलेलं माणूस पुन्हा बोलतं, पण पोळलेलं तोंड आपल्यालाच घेऊन हिंडावं लागतं.