साहेबांचा वाचनस्तर

करंजपाड्याच्या शाळेत दर शनिवारी चौथीची मुलं पहिलीतल्यांना गोष्ट वाचून दाखवत. संगणकावरच्या वाचनचाचणीत ज्याचा जो स्तर येई, त्याला झेपेल असं पुस्तक मीराबाई निवडून देत.

तपासणीला आलेल्या देशमाने साहेबांनी चौथीतल्या यामिनीला चाचणीला बसवलं. पडद्यावरचा उतारा मोठ्यानं वाचताना ती प्रत्येक वाक्यानंतर थांबू लागली. 'वाचन संथ' अशी लाल खूण येताच साहेबांनी तिला मध्येच उठवलं.

"बघा बाई! हिलाच धड वाचता येत नाही, ही पहिलीतल्यांना काय वाचून दाखवणार? हा गोष्टींचा तास आजपासून बंद."

बाईंचा चेहराच उतरला.

"थांबतेस कशाला गं?" साहेबांनी यामिनीला दरडावलं.

"पहिलीतल्या पोरांना कळलं का, ते बघायला नको? सवयच झालीय, साहेब."

"वाचन कसं असतं, ऐक!"

साहेबांनी तोच उतारा एका दमात संपवला. हिरवी खूण आली. ते ऐटीत वळले, तोच पडद्यावर प्रश्न उमटला, 'गोष्टीतल्या बकरीचं नाव काय?'

साहेब गडबडले. "यात बकरी होती?"

वर्ग खुदखुदला. यामिनी मात्र मायेनं म्हणाली, "परत वाचा साहेब. प्रत्येक वाक्याला थांबा. कळलं का, ते मी विचारते ना!"

साहेबांना हसू आवरेना. "बाई, तास चालू ठेवा. आणि शनिवारी मला पहिलीत बसवा."